हातगुण आणि सभा

आमच्या बार्शीत एखाद्या डॉक्टराची थोरवी सांगावयाची झाली, तर त्याची पदवी कोणी सांगत नाही. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ एवढे म्हटले की पुरे. समोरचा माणूस लगेच पिशवी उचलतो आणि त्या दवाखान्याची वाट धरतो. या हातगुणाची गंमत अशी, की तो कोणाला दाखवता येत नाही, मोजता येत नाही आणि शिकवताही येत नाही. दहा रोगी बरे झाले तर हाताला गुण आला; अकरावा दगावला तर त्याची वेळ भरली होती. डॉक्टर दोन्हीकडून सुटला. आमच्या लहानपणी तालुक्यातल्या एका गावी काविळीवर मात्रा देणारे एक गृहस्थ होते. पैसा घेत नसत, औषधाचे नावही सांगत नसत. सांगितले तर गुण जातो, अशी त्यांची श्रद्धा होती. ते गेले आणि मात्राही गेली. ती खरोखर गुणकारी होती, की कावीळ आपोआप उतरत होती आणि श्रेय मात्रेला मिळत होते, हे आता कोणालाही कळावयाचे नाही. आमचा आक्षेप त्या सज्जन गृहस्थांवर नाही. आक्षेप आहे तो या न कळण्यावर.

आज आम्ही ज्या विषयावर बोलावयास उभे आहोत तो वरवर पाहता लहान आहे. वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची सभा म्हणजे काय, ती कशी जन्मली आणि तिने काय केले, हा तो विषय. ‘विद्यार्थ्यांच्या सोसायटीत काय असते? निवडणूक, गॅदरिंग आणि चहा’ असे कोणी म्हणेल, आणि पुष्कळ ठिकाणी ते खरेही असेल. पण डॉक्टराच्या हातातला गुण त्याच्या मुठीतून काढून चार जणांसमोर टेबलावर ठेवण्याचे काम प्रथम ज्यांनी केले, त्यांत अशा सभांचा वाटा फार मोठा आहे. आम्हां गावकऱ्यांचा जीव ज्या विद्येवर अवलंबून असतो, तिच्या इतिहासातले हे पान म्हणून चाळण्याजोगे आहे.

आरंभ दूर स्कॉटलंडमध्ये होतो. एडिंबरो येथे १७३४ साली वैद्यक शिकणाऱ्या सहा विद्यार्थ्यांना एक प्रेत मिळाले. त्या गावात परकी असलेली एक तरुण स्त्री तापाने मरण पावली होती. सहाजणांनी मिळून त्या देहाचे विच्छेदन केले. काम संपल्यावर ते एकत्र बसले आणि त्यांनी ठरविले, की यापुढे आपण ठरावीक दिवशी जमायचे, एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर प्रश्न करायचे. गुरू कोणी बोलावला नव्हता. प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकून वहीत उतरविणे वेगळे आणि आपल्याच बरोबरीच्या मुलांसमोर आपले म्हणणे टिकवून दाखविणे वेगळे, हे त्यांनी ओळखले. १७३७ मध्ये या मंडळीला रीतसर संस्थेचे रूप आले आणि १७७८ साली राजाची सनद मिळाली. हीच एडिंबरोची रॉयल मेडिकल सोसायटी. ती विद्यार्थ्यांची होती आणि आजही विद्यार्थ्यांचीच आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेला चार्ल्स डार्विन वैद्यक शिकावयास एडिंबरोला गेला होता, तेव्हा तोही तिचा सभासद होता. सभांना तो नियमाने जाई, पण विषय निव्वळ वैद्यकाचे असल्याने त्यात त्याचे मन रमले नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. प्रत्येक सभासदाला सभा मानवतेच असे नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

एडिंबरोहून आपणांस मुंबईस यावयाचे आहे, आणि या दोहोंमधला दुवा म्हणजे एक मनुष्य. चार्ल्स मोरहेड याचा जन्म १८०७ चा. एडिंबरोत वैद्यकाची पदवी घेऊन तो पॅरिसला गेला आणि तेथे पिएर लुई या वैद्याच्या हाताखाली शिकला. या लुईचे नाव आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. त्याने केलेली गोष्ट अगदी वाण्याच्या दुकानातली होती, ती म्हणजे मोजणे. त्या काळी तापावर, न्यूमोनियावर, जवळजवळ सगळ्यांवर रक्त काढणे हा उपाय होता आणि प्रत्येक मोठ्या वैद्याच्या हाताला त्यात गुण होता. लुईने किती रोग्यांचे रक्त काढले, कोणत्या दिवशी काढले, किती जगले आणि किती गेले याचे आकडे मांडले. तेव्हा त्या उपायाचा गाजावाजा मोठा आणि गुण थोडा असे दिसून आले. मोठमोठ्यांचा हातगुण हिशेबाच्या वहीत उतरला आणि त्याचे तेज कमी झाले. हे संस्कार घेऊन मोरहेड १८२९ साली मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय नोकरीत दाखल झाला.

मुंबईत तेव्हा काय स्थिती होती? १८२६ साली डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एक वैद्यक शाळा निघाली होती. तेथे मराठी व गुजराती भाषांतून शिकवीत आणि त्यासाठी पुस्तकेही तयार करविली होती. ही शाळा १८३२ साली बंद पडली. मातृभाषेतून वैद्यक शिकविण्याचा तो प्रयोग सहा वर्षांतच गुंडाळला गेला, याची हळहळ आम्हांस अजून वाटते. पुढे सर रॉबर्ट ग्रँट हे गव्हर्नर झाले. त्यांनी वैद्यकाच्या कॉलेजाची योजना आखली, पण १८३८ साली पुण्याजवळ दापोडीस त्यांचे निधन झाले. मुंबईकरांनी त्यांचे स्मारक म्हणून वर्गणी जमविली, सरकारने पैसा घातला, जमशेटजी जिजीभाईंनी शेजारी इस्पितळ उभारण्यासाठी मोठी देणगी दिली, आणि १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. इस्पितळ ही जोडी भायखळ्यास सुरू झाली. पहिला प्राचार्य मोरहेडच.

मुलांनी प्रेताला हात लावावा की नाही, हा प्रश्न तेव्हा केवढा होता याची आज कल्पना करणे कठीण. कलकत्त्यास १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, त्याची आठवण ताजी होती. मुंबईत आलेली मुले गोव्याकडची, कोकणातली, पारशी वाड्यांतली. त्यांनी सोवळेओवळे ओलांडले ते काही एका दिवसात नव्हे. १८५१ साली पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांची नावे एकदा मोठ्याने उच्चारावी असे आम्हांस वाटते : भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, सेबॅस्टियन कार्व्हालो, पाउलो गोम्स, जोझे कामिलो लिस्बोआ, मेरवानजी सोराबजी, बरजोरजी दोराबजी. तीन हिंदू, तीन ख्रिस्ती, दोन पारशी. एका पंगतीला बसून जेवणे ज्यांना शक्य नव्हते, ते एका टेबलाभोवती उभे राहून हृदयाच्या झडपा पाहात होते. तेव्हा विद्यापीठ नव्हते. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. म्हणून या आठांना कॉलेजाच्याच नावाची पदवी मिळाली.

मुंबईतील विद्यार्थ्यांना सभेची चटक मात्र पदव्या मिळण्याआधीच लागली होती. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी तिच्या पुढाऱ्यांत होते. मराठी व गुजराती भाषांतून निबंध वाचावयासाठी तिच्या ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. ही मंडळी निबंध वाचून स्वस्थ बसली नाही. दुसऱ्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा काढल्या. भाऊ दाजी हे या मंडळीतले. वैद्यक शिकत असताना एका कानाने शरीरशास्त्र आणि दुसऱ्या कानाने हे वादविवाद ते ऐकत होते. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती याच ओढीतून. उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण या मंडपात येऊन बसता, तेव्हा त्याच जुन्या सभांच्या सतरंजीवर बसता.

वैद्यकापुरती अशी मंडळी पाहिजे, हे पदवीधर बाहेर पडू लागताच जाणवले. इलाख्यातील गोऱ्या डॉक्टरांची ‘मेडिकल अँड फिजिकल सोसायटी’ १८३५ पासून होती आणि तिचे निबंधसंग्रह छापले जात. पण ती कंपनीच्या नोकरीतल्या साहेबांची बैठक. नव्या एतद्देशीय पदवीधरांना स्वतःचे व्यासपीठ हवे होते. मोरहेड प्राचार्य असतानाच ‘ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी’ अस्तित्वात आली. विद्यार्थिदशेत निबंध लिहिण्याची आणि रोग्याची टिपणे ठेवण्याची जी सवय लागली, ती दवाखाना थाटल्यावर सुटू नये, हा अशा मंडळीचा खरा उपयोग. निबंध वाचावा, त्यावर चर्चा व्हावी, एकाने पाहिलेला रोगी दुसऱ्याच्या कामी यावा. मोरहेडने स्वतः १८५६ साली ‘हिंदुस्थानातील रोगांवरील निरीक्षणे’ अशा अर्थाच्या नावाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पाया इस्पितळात दररोज लिहून ठेवलेली रोग्यांची टिपणेच होती. पॅरिसच्या लुईची हिशेबाची वही भायखळ्यास आली ती अशी.

ही वही का महत्त्वाची, हे गावात राहणाऱ्यास अधिक कळते. शहरातल्या इस्पितळात वरचा डॉक्टर खालच्यास विचारतो, खालचा वरच्याचे पाहतो. तालुक्याच्या गावी डॉक्टर एकटा. त्याने दिलेल्या औषधाला कोणी ‘का?’ विचारीत नाही. रोगी विचारीत नाही, कारण तो भितो. कंपाउंडर विचारीत नाही, कारण तो नोकर. वीस वर्षे ‘का?’ हा शब्द ऐकला नाही तर चांगल्या माणसाचीही बुद्धी आळसावते, आणि मग हातगुण तेवढा शिल्लक राहतो.

येथे आम्हांस त्या आठांतल्या सर्वांत थोर पुरुषाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना थोडे जड जाते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याविषयी महाराष्ट्राला आदर आहे तो उगाच नव्हे. गरिबांना फुकट औषध देणारा धन्वंतरी, शिलालेख व नाणी वाचणारा संशोधक, मुलींच्या शाळेचा कैवारी, १८५२ साली निघालेल्या बाँबे असोसिएशनचा चिटणीस, दोन वेळा मुंबईचा शेरीफ. एवढी कामे एका माणसाने केली. वैद्यकात त्यांनी एक धाडस केले. जुन्या संस्कृत ग्रंथांत सांगितलेल्या वनस्पती घेऊन त्यांचे गुण रोग्यांवर पारखावे, असे त्यांनी ठरविले. ज्या रोगाला तेव्हा महारोग म्हणत, त्या कुष्ठरोगावर त्यांनी एक तेल वापरले आणि रोग्यांना उतार पडतो असे त्यांना दिसू लागले. लांबलांबून रोगी येऊ लागले.

पण ते तेल कशाचे, हे त्यांनी जाहीर केले नाही. आपले प्रयोग पुरे होईतोवर नाव सांगावयाचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यावर टीका झाली. आम्ही त्यांची बाजू घेऊन पाहिले. कच्चे औषध बाजारात गेले तर भोंदू लोक ते विकू लागतील आणि रोग्यांचे हाल होतील, ही भीती खोटी नव्हे. एतद्देशीय डॉक्टराने काही नवे शोधले तर साहेब लोक त्यास हसतील, ही भीतीही त्या काळात असणारच. हे सर्व मान्य करूनसुद्धा मन कबूल होत नाही. कारण भाऊ दाजी हे काही काविळीची मात्रा देणारे खेड्यातले गृहस्थ नव्हते. ज्या पिढीने सभेत निबंध वाचून मत मांडावयाचे शिकून घेतले, त्या पिढीचे ते मुकुटमणी होते. त्यांच्याच हातून मूठ झाकली गेली. पुढे पक्षाघाताने ते अंथरुणास खिळले आणि १८७४ साली निवर्तले. ते तेल कडू कवठीच्या बियांचे होते, हे नंतर सर्वांस कळले. सुश्रुतात ‘तुवरक’ म्हणून जे झाड येते ते हेच, असे मानतात. सह्याद्रीच्या ओल्या रानात ते होते.

मधल्या वर्षांत काय होत होते पाहा. ग्रँट कॉलेजात व्हँडाइक कार्टर नावाचे प्राध्यापक होते. वैद्यक शिकणारा कोणताही विद्यार्थी ज्यांच्या चित्रांवरून शरीर शिकला, ते हे कार्टर. ग्रे याच्या १८५८ सालच्या प्रसिद्ध शरीरशास्त्राची चित्रे त्यांच्या हातची. ते कुष्ठरोगाचा अभ्यास करीत होते आणि त्यासाठी १८७३ साली नॉर्वेस गेले. त्याच वर्षी नॉर्वेतील हान्सेन यांनी या रोगाचा जंतू दाखविला. म्हणजे एकाच गावात एकापाशी रोगाचे ज्ञान होते आणि दुसऱ्यापाशी औषधाचे. दोघांच्या वह्या एका टेबलावर उघडल्या असत्या तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. तेलाने कुष्ठरोग मुळापासून जात नाही, हे आज आपण जाणतो. पण १९१६ च्या सुमारास कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी त्याच जातीच्या तेलापासून टोचण्याजोगे औषध केले आणि पुढली पंचवीस वर्षे, सल्फोन औषधे येईतोवर, जगभर कुष्ठरोग्यांना तेवढाच आधार होता. मुंबईत तो आधार चाळीस-पन्नास वर्षे आधी तपासला गेला असता. उपयोगी ठरला असता किंवा निरुपयोगी; पण ठरला असता.

आम्ही सभांचे एवढे गुण गातो म्हणून त्यांचे दोष झाकावे असे नाही. माणसे एकत्र जमली की शहाणपण वाढतेच असा काही नियम नाही. एडिंबरोतच १८७० साली सात स्त्रिया वैद्यकाच्या परीक्षेस जावयास निघाल्या, तेव्हा विद्यार्थ्यांच्या जमावाने त्यांची वाट अडविली, चिखल फेकला, आणि परीक्षेच्या दालनात एक मेंढी ढकलली. ज्या शहराने विद्यार्थ्यांच्या सभेचा कित्ता घालून दिला, त्याच शहराच्या विद्यार्थ्यांची ही कीर्ती. त्या रॉयल मेडिकल सोसायटीचे दार तर स्त्रियांसाठी १९६० नंतरच उघडले. व्हिएन्नाच्या सेमेलवाइसची कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. डॉक्टरांनी हात धुऊन प्रसूतिगृहात जावे, म्हणजे बाळंतिणी मरणार नाहीत, एवढेच तो आकडे मांडून सांगत होता. गावच्या वैद्यमंडळीतल्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही आणि त्यास ते शहर सोडावे लागले. सभेत सत्य सांगितले म्हणजे ते लगेच मानले जाते असे नव्हे. पण त्याने आकडे लिहून ठेवले होते म्हणून तो गेल्यावरही सत्य राहिले, हेही खरे.

स्त्रियांच्या बाबतीत मुंबई एडिंबरोपेक्षा बरी निघाली. जॉर्ज किट्रेज नावाचा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी बंगाली यांनी निधी जमविला आणि १८८३ पासून ग्रँट कॉलेजाचे वर्ग मुलींना मोकळे झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकावयास अमेरिकेस निघाल्या. दोन घटना एका वर्षाच्या, आणि आपण बहुधा एकीचीच आठवण ठेवतो.

१८८३ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘बाँबे मेडिकल युनियन’ ही संस्था त्या वर्षी निघाली. तिचा सूर वेगळा होता. एतद्देशीय डॉक्टरांना सरकारी इस्पितळांत वरच्या जागा का नाहीत, प्राध्यापकाच्या खुर्चीवर गोराच का, असे तिचे प्रश्न होते. निबंधाची जागा अर्जाने घेतली. हे होणे भागच होते. जो बरोबरीने शिकला त्यास बरोबरीची जागा नाकारली तर तो निबंध किती दिवस वाचील? याच रागातून पुढे असहकाराच्या दिवसांत मुंबईत राष्ट्रीय मेडिकल कॉलेज निघाले, आणि १९२६ साली परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेज सुरू झाले, ते तेथे शिकविणारे सर्व हिंदी असतील या अटीवर. आजच्या निवासी डॉक्टरांच्या संघटनांचे संप, त्यांच्या विद्यावेतनाच्या व कामाच्या तासांच्या मागण्या, याच धाग्याच्या आहेत. रुग्णांना त्रास होतो म्हणून आपण त्यांना बोल लावतो. छत्तीस तास जागलेल्या मुलाने आपल्या मुलास सुई टोचावी काय, याचा विचार आपण करीत नाही. मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अर्ज लिहिण्याची सवय वाढली तेवढी निबंध लिहिण्याची वाढली नाही.

अर्ज आणि निबंध यांच्या मध्ये प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात अकाशिओ व्हिएगस या डॉक्टरांनी रोगी पाहिले आणि हा गाठीचा प्लेग आहे असे जाहीर सांगितले. तेही ग्रँट कॉलेजचेच पदवीधर. व्यापार बुडेल म्हणून ते ऐकावयास पुष्कळांची तयारी नव्हती. त्यांनी ते खाजगीत न ठेवता म्युनिसिपालिटीत सांगितले आणि अन्य तज्ज्ञांनी ते तपासून खरे ठरविले. मग हाफकिन आले. त्यांना प्रयोगशाळेसाठी ग्रँट कॉलेजातच थोडी जागा मिळाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपल्या लसीची पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. आमच्या बार्शीची छोटी गाडी कुर्डुवाडीस जाऊ लागली ती त्याच १८९७ साली. गाडीबरोबर माल आला, माणसे आली, आणि स्टेशनांवर प्लेगची तपासणीही आली. त्या दिवसांच्या आठवणी सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या.

सोलापूरचे नाव निघाले म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. सोलापुरात १९१० साली जन्मले, परळच्या कॉलेजात शिकले, आणि १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्यांच्या त्यागाची कथा चित्रपटामुळे घरोघर गेली. तिच्यातला आमच्या विषयाचा भाग चित्रपटात फारसा येत नाही. लढाईच्या आघाडीवर, खेड्यापाड्यांत शस्त्रक्रिया करीत असताना कोटणीस तेथल्या विद्यार्थ्यांना शिकवीत होते आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहीत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा ते लिखाण अपुरे होते. आपल्या हातातला गुण दुसऱ्याच्या हातात जावा, याची घाई त्यांना झाली असावी असे आम्हांस वाटते.

त्यानंतर सोलापुरात १९६३ साली डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ मेडिकल कॉलेज निघाले आणि आमच्या तालुक्याच्या मुलांना वैद्यकासाठी पुण्या-मुंबईसच गेले पाहिजे असे उरले नाही. या पिढीतल्या काही विद्यार्थ्यांशी आम्ही बोललो. तुमच्या विद्यार्थी मंडळात काय चालते असे विचारले तर गॅदरिंग, क्रिकेट आणि रक्तदान शिबिर एवढे सांगितले. एक मुलगी म्हणाली, ‘दगावलेल्या रोग्याविषयी वरची मंडळी आठवड्यातून एकदा बसतात. आम्ही मागे उभे राहून ऐकतो. तेवढा एक तास असतो तेव्हा आम्हांला कळते, की मोठे डॉक्टरसुद्धा चुकतात आणि ते मोठ्याने सांगतात.’ तिला एडिंबरोच्या सहा मुलांची गोष्ट ठाऊक नव्हती. आम्ही ती सांगितली.

आता आपल्या गावी येऊ. १९८७ साली बार्शीत एक काम सुरू झाले, त्याची वार्ता गावात अनेकांना नसेल. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील साडेतीनशेच्या जवळपास गावांत कोणाला कर्करोग झाला याची नोंद घरोघर जाऊन ठेवावयाची, असे ते काम. हिंदुस्थानात ग्रामीण भागासाठी अशी नोंदवही ही पहिलीच. शहरात नोंद इस्पितळात बसून होते. खेड्यात रोगी इस्पितळापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, चावडीवर आणि देवळात बसले, लक्षणे समजावून सांगितली आणि नाव, वय, गाव, रोग, त्याची अवस्था लिहीत राहिले. हे काम काही विद्यार्थ्यांच्या सोसायटीचे नव्हे, पण त्यातली वही तीच आहे, लुईची आणि मोरहेडची.

त्या वहीतून पुढे मोठा अभ्यास निघाला. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, ४९७ गावांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले गेले. काम १९९९ साली सुरू झाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी ते मिळून केले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एका गटाची विषाणूची चाचणी केली, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची आम्लाचा बोळा लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्या गटाला नेहमीची सोय तेवढी राहिली. निकाल २००९ साली अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय पत्रात छापून आला. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच मोठ्या संख्येचे होते. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यू तसे ठळकपणे घटले नाहीत, तेही तेथेच छापले. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे योग्य होते काय, असा प्रश्न पुढे देशात व परदेशात विचारला गेला. तो विचारला जाणे रास्तच होते. आकडे उघड्यावर मांडले होते, म्हणूनच तो विचारता आला. त्या चौसष्टांची घरे या मंडपापासून फार लांब नाहीत, आणि त्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांपैकी काहींच्या लेकीसुना आज येथे बसल्याही असतील.